काळ्या बटणाचा सदरा

ही गोष्ट लिहायला मला वयाची सत्तरी ओलांडावी लागली. मध्ये सांगायच्या संधी पुष्कळ आल्या. प्रत्येक वेळी मी चहा मागवला, विषय बदलला, नाहीतर सरळ उठून गेलो. आता शाळेची स्मरणिका निघते आहे आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कोणी ना कोणी जुने वर्गफोटो टाकतो आहे. जवळजवळ सगळ्या वर्षांचे फोटो मिळाले. आमच्या अकरावीचा तेवढा नाही. "तो हलूनकामामानं फोडला ना, विसरलात का?" असं आमच्या दिगंबरनं लिहिलं. खाली हसरे चेहरे पडले.

मामांनी तो फोटो फोडला नव्हता.

मामा आमच्या शाळेचे शिपाई. नाव इनास, राहणार पाचूबंदर, वसईचा कोळीवाडा. पण इनास हे नाव पगारपत्रकात आणि चर्चमध्ये. शाळेत ते हलूनकामामा. अकरावी तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष असे आणि निरोपाच्या आधी त्या वर्गाचा फोटो निघे. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालायचा, त्याच्या मागे बाकावर उभे राहून मामा हात वर करायचे आणि ओरडायचे, "हलू नका!" मासळीच्या लिलावात तयार झालेला आवाज तो. एका वर्षी फोटोग्राफरच दचकला. त्या फोटोत मुलं सगळी स्थिर आहेत आणि शाळा तिरकी आहे.

मुलांना उंचीप्रमाणे उभं करायला त्यांना पट्टी लागत नसे. मैदानाच्या त्या टोकाकडून मुलगा येताना दिसला की इकडून जागा सांगत, "तू तिसऱ्या रांगंत, शेवटून दुसरा." कोणी हुज्जत घालायचा, "मामा, मी याच्यापेक्षा उंच आहे." मामा खिशातली तेलाची बाटली आणि कंगवा काढायचे. "केसानं हायस. केस बसव, मंग बोल."

एवढे फोटो काढवले, पण स्वतः एकाही फोटोत उभे राहिले नाहीत. हेडसरांनी एकदा खुर्ची दिली, तरी नाही. "मी आत आलो, तं बाहेरून कोन बघनार?" म्हणाले.

आता सदऱ्यांचं सांगतो. नकाशांच्या कपाटात, जगाच्या नकाशामागे मामा चार पांढरे सदरे ठेवत. मामी ते नीळ घालून धुवायच्या, इस्त्री करून द्यायच्या. फोटोच्या दिवशी कोणाचा सदरा फाटका किंवा मळका दिसला की मामा त्याला कपाटाशी बोलवत आणि रागावल्यासारखं म्हणत, "तुझा सदरा परवा इथंच इसरलास. घाल तो." कोणी काही विसरलेलं नसे. मुलगा क्षणभर त्यांच्याकडे बघायचा आणि सदरा घालायचा. फोटो झाला की मामा म्हणत, "र्‍हाऊ दे माझ्याकडं, पुन्हा इसरशील." उसना दिला, असं म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

आमची वसईजवळच्या होळी गावात केळीची वाडी. शाळेआधी घड उतरवायचे. केळीचा चीक कपड्याला लागला की तो कपड्याबरोबरच जातो. माझ्याकडे पांढरा सदरा एकच आणि त्यावर खांद्यापासून पोटापर्यंत तपकिरी डाग. त्या सकाळी मामांनी मला हाक मारली. "वसंता, तुझा सदरा." अंगात घातला तर सगळी बटणं पांढरी आणि तिसरं काळं. मी त्या बटणाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. मामी चर्चचं शिवणकाम करायच्या. मामा म्हणाले, "फादरच्या झग्याचं हाय. पास व्हशील."

फोटो आठवड्याभरात आला आणि व्हरांड्यात आधीच्या वर्षांच्या रांगेत लागला. दिगंबरच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान, त्यामुळे त्याला कपडे दिसत. मधल्या सुट्टीत त्यानं मागच्या वर्षीच्या फोटोच्या काचेवर बोट ठेवलं. "हे बघा रे. काळं बटण." मग त्याच्या आधीच्या वर्षीचा फोटो, मग त्याच्याही आधीचा. दरवर्षी वेगळा मुलगा, बटण तेच. पाच-सहा फोटो मागे जाऊन तो पुन्हा आमच्या फोटोपाशी आला आणि बोट माझ्यावर थांबलं.

"वसंता, तुझा सदरा तुझ्याआधी अकरावीला बसला की रे."

सगळे हसले. मीही हसलो. दिगंबर वाईट नव्हता, आजही नाही. पण त्या दिवसापासून माझं नाव बटण पडलं. पुढच्या आठवड्यात बक्षीस समारंभ होता. माझे वडील येणार, होळीतली अर्धी माणसं येणार, आणि व्हरांड्यातून जाताना माझा फोटो कुठला म्हणून विचारणार. कोणीतरी त्यांना बटण दाखवणार, याची मला खात्री होती.

शनिवारी शाळा अर्धी. मामांच्या भावाची होडी त्या दुपारी बंदराला लागणार होती आणि लिलावाला ते गेल्याशिवाय भावाला चैन पडत नसे. व्हरांडा झाडून झाला होता. मी रेंगाळत होतो. मामांनी चावी माझ्या हातात दिली. "दार लाव आन चावी खिडकीत ठेव. होडी लागली आसंल." ते सायकलवर बसून गेले. मी स्टुलावर चढलो, फोटो उतरवला, केळीच्या सोपटात गुंडाळला आणि घरी नेला. वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर चौकट मोडून काच पाण्यात टाकली. फोटोही टाकणार होतो. पण घरात माझा दुसरा एकही फोटो नव्हता. तो मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

सोमवारी प्रार्थनेनंतर हेडसरांनी विचारलं, फोटो कुठे गेला? मी शेवटून दुसऱ्या रांगेत उभा होतो. मामा पुढे आले.

"माझ्या हातून पडला सर. काच फुटली, फोटू भिजला. टाकून दिला."

चावी कोणाकडे दिली होती हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता आपण बोलू. पाय उचलला तरी पुरे होतं. मी हललो नाही.

हेडसर शिस्तीचे. त्यांनी मामांकडून लेखी घेतलं आणि आणखी काय काय हरवलंय म्हणून कपाटं उघडायला लावली. नकाशामागचे सदरे निघाले. "ही शाळा आहे की लाँड्री?" असं विचारून त्यांनी ते घरी न्यायला सांगितले. फोटोचं काम दुसऱ्या शिपायाला दिलं. मामा त्यानंतर निवृत्त होईपर्यंत घंटा देत राहिले आणि पाणी भरत राहिले. फोटोच्या दिवशी त्यांना मागच्या अंगणात काम असे.

मी पास झालो, नोकरीला लागलो. आपल्या एका कृत्यानं एका माणसाला बोलणी बसली, एवढाच हिशेब मी बरीच वर्षं मनात धरला होता. तो चुकीचा होता. माझा धाकटा भाऊ माझ्यामागून दोन वर्षांनी अकरावीला होता. त्याच्याही सदऱ्यावर केळीचा चीक. फोटोच्या दिवशी पोटात दुखतं म्हणून तो घरी राहिला. आईनं ओवा दिला. मी समोर बसून पेपर वाचत होतो. गेल्या महिन्यात ग्रुपवर त्याच्या वर्गाचा फोटो आला. भाऊ आता नाही. त्या फोटोतही नाही. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "आपण चौतीस होतो, इथे एकोणतीसच का?"

याच ग्रुपवर परवा आणखी एक गोष्ट झाली. आमच्या आधीच्या एका बॅचचे सुतार आडनावाचे गृहस्थ, मोठे कंत्राटदार झालेले, त्यांनी आपल्या वर्गफोटोत स्वतःभोवती लाल गोल काढून टाकला. "काळ्या बटणाचा मानकरी मी. इनासमामांची कृपा." तासाभरात आणखी तिघांनी आपापले गोल टाकले. कौतुकानं सांगत होते, थट्टा करत होते. मग मामांची मुलगी फिलू हिनं स्मरणिका समितीला निरोप पाठवला, की पप्पांचा शाळेतला एखादा फोटो कोणाकडे आहे का? कोणाकडेच नव्हता.

माझ्याकडे आहे. आमच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात, पहिल्या रांगेच्या पायांशी, हात वर केलेल्या माणसाची सावली पडली आहे. तो फोटो मी या लेखासोबत समितीकडे देत आहे. दिगंबरनं ग्रुपवर लिहिलेलं आता त्यानं दुरुस्त करावं.

मामांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या आदल्या वर्षी मी एकदा पाचूबंदरला गेलो होतो. पिशवीत हाच फोटो होता. मामा दारात खाटेवर बसले होते, समोर वलांडीवर बोंबील वाळत होते. त्यांना दिसत नव्हतं. मी नुसतं "मामा" म्हटलं.

"होळीचा वसंता. शेवटून दुसरी रांग."

त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या छातीला लागला. मग बोटांनी एक एक करत माझी बटणं चाचपली, गळ्यापासून खालपर्यंत.

"समदी सारकी हायत आता."

"हो, मामा."

"कायतरी सांगाय आलास?"

"नाही, सहजच."

"सहज कोन येतो पाचूबंदरला?" ते हसले आणि आत तोंड वळवून म्हणाले, "फिलू, ह्याला सुकं बोंबील दे बांधून. रिकाम्या हाती धाडू नको."

फिलूनं पुडी बांधून दिली. मी ती पिशवीत, फोटोच्या वर ठेवली. मामा, तो फोटो मी नेला होता, मला माफ करा. वसईच्या स्टँडपासून बंदरापर्यंत रिक्षात मी हेच वाक्य घोकत आलो होतो. मामा मान किंचित कलती करून, न हलता, वाट बघत होते.

मी म्हणालो, "येतो, मामा."