नळी काढून घेतलेलं पाणी

नारायण पेठेतल्या ज्या गल्लीत स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट बेसिसवर राहतात, तिथे एका जोडप्याचं पाण्याचं दुकान होतं. दोघं यवतमाळकडची. मोठे जार आणि मुलांनी आणलेल्या बाटल्या भरून द्यायच्या, हा धंदा. अशा दुकानांतल्या पाण्याचे नमुने घेणं ही माझी नोकरी. अधूनमधून तिथे माझी फेरी व्हायची.

नमुना घेण्याची एक रीत असते. नळाला काही जोडलेलं असेल तर ते काढायचं, स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड भाजायचं, थोडं पाणी वाहू द्यायचं आणि मग निर्जंतुक बाटली धरायची. तिथे जार जमिनीवर ठेवून भरत, म्हणून नळाला रबराची लांब नळी होती. पहिल्या वेळी मी सांगितलं होतं; नंतर मी दिसलो की दुकानदाराची बायको आपणहून नळी काढून कोपऱ्यात टाकायची आणि पदराने नळ पुसायची. पाहुण्यासाठी खुर्ची पुसावी तशी.

एकदा रांगेतले एक आजोबा हे बघत होते. म्हणाले, "अहो, ही तपासणी आहे का दाखवण्याचा कार्यक्रम? आंघोळ काय, पावडर काय."

पोरं हसली. मीही हसलो. "पद्धत असते ती, आजोबा."

"असणारच. आम्ही मात्र नळीचं पितो."

लक्ष्मी रस्त्यापर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. पुढे गर्दी लागली.

अहवाल नेहमीसारखा आला : पिण्यास योग्य. दुकानदाराच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. अहवाल द्यायला गेलो तेव्हा तिने विचारलं, "साहेब, डॉक्टरीणबाई म्हणते, उकळून पेत जा. आता आपल्याच दुकानचं पाणी उकळू का जी?"

"उकळताना गिऱ्हाईकानं पाहिलं, त धंदाच उकळला आपला," नवरा म्हणाला.

मी म्हणालो, "पाणी चांगलं आहे तुमचं. मीच तपासलंय. खुशाल प्या."

खुशाल हा शब्द माझा. तिने तो मागितला नव्हता.

पुढे गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि काळं पाणी दुकानाच्या फरशीवर आलं. नळी तिथेच पडलेली असायची. फरशी त्यांनी फिनाईलने धुतली, नळी तशीच नळाला लागली. काही आठवड्यांनी गल्लीतल्या मुलांना कावीळ झाली. तिलाही झाली. मुलं गावी जाऊन बरी झाली. ती वाचली, तिचं बाळ नाही.

मुलांच्या तक्रारीवरून मला पुन्हा नमुना घ्यायला पाठवलं. ती स्टुलावर बसली होती, डोळे अजून पिवळट. मला बघून उठली आणि तिचा हात सवयीने नळीकडे गेला.

"राहू द्या," मी म्हणालो. "आज नळीसकट घेतो."

ती थांबली. "मंग आधी काढाले काहून लावत होते, साहेब?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजोबांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं.

"तसा नियम आहे," मी म्हणालो.

नवरा आत जार हलवत होता, तो थांबला. तिने नळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमी चांगलं पाणी तपासत होते. मीच नळीचं पेत होती."

मी तेव्हा 'नाही' म्हणायला हवं होतं. मी बाटलीचं झाकण उघडलं. नळीचं टोक फरशीला लागू नये म्हणून तिने ते दोन्ही हातांनी वर धरलं आणि मी बाटली भरून घेतली.

हा नमुना अयोग्य निघाला. दुकान बंद करण्याचा कागद घेऊन गेलो तेव्हा शटर आधीच खाली होतं. शेजारचा म्हणाला, गावी गेले. चूक तिची नव्हती, एवढं सांगायला मी यवतमाळला जाऊ शकलो असतो. अजून गेलेलो नाही.