बरं वाटलं की पोळी

आम्ही दादर सोडून नवघरला राहायला आलो ते २००३ साली. समोरच्या दारात मनोरमा. लांज्याकडची बाई. नवरा उत्तम कारखान्यात कामाला, आणि पदरात एकच मुलगी, सुचेता. मनोरमा घरीच पोळ्या लाटून मीरा रोडच्या नोकरदार बायकांना पुरवायची. सकाळी दार उघडलं की आधी भाजल्या पिठाचा वास यायचा. मी पोळी म्हणायचे, ती चपाती म्हणायची, आणि दोघी एकमेकींना सुधारायचो.

"पोळी पुरणाची असते, ताई. तुम्ही उगाच साध्या चपातीला मान देता."

मान खरं तर तीच जास्त द्यायची. तिच्या लहानपणी गावात सकाळी तांदळाची पेज आणि दुपारी-रात्री भात. गव्हाची चपाती व्हायची ती पाहुणे आले तरच. त्यामुळे पेज गरिबाची नाहीतर आजाऱ्याची, आणि बरं वाटलं की ताटात चपाती पडलीच पाहिजे, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

तिच्या भिंतीवर एका लहान मुलीचा हार घातलेला फोटो होता. थोरली आशा. तीन वर्षांची असताना गेली. मी विचारलं तेव्हा मनोरमाने पोळपाटावरून मान वर केली नाही. "पोट सारखं बिघडायचं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. पेज दिली की खेळायची, आणि परत पडायची," एवढंच बोलली.

सुचेता कॉलेजला जायला लागली त्या वर्षी तिचं पोट बिघडलं, ते बिघडलंच. तोंडात फोड, पायांना सूज, आणि केस विंचरले की फणीत हा एवढा गुंता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. मनोरमाने पेज सुरू केली, सोबत ताक. थोड्या दिवसांत पोरगी उठून बसली.

"ताई, सुचू उठली!" मनोरमा धावत सांगायला आली. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. त्याच दुपारी तव्यावरची पहिली पोळी तिने तुपात भिजवून लेकीपुढे ठेवली. नको म्हणाली तर स्वतः घास करून भरवले. अंगात ताकद यायला हवी ना!

पुढच्याच आठवड्यात सुचेता पुन्हा अंथरुणावर पडली.

मग त्या घराची ही रीतच झाली. पोट बिघडलं की गोळ्या आणि पेज. जरा बरं वाटलं की पोळी. आमचा अख्खा मजला हे बघत होता, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. सगळ्यांनी टँकरच्या पाण्याला शिव्या घातल्या, कॉलेजच्या कँटीनला घातल्या. शेजारच्या गुजराती बाईने तर सरळ सांगून टाकलं, "मनोरमाबेन, लडकी को नजर लगी है." त्यात वरच्या मजल्यावरच्या विमलाबाई आल्या. सगळं कळतं अशा आविर्भावात वावरणारी बाई! त्यांनी सूज बघितली आणि निकाल दिला, "भाताने अंगात पाणी धरतं. भात पूर्ण बंद करा हिचा. फक्त चपाती."

मनोरमाने ऐकलं. पेजही गेली.

त्यानंतर सुचेताला बरं वाटणंच थांबलं. जिना चढताना ती मध्येच बसायची आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसायची. हातावरची कातडी कागदासारखी झाली होती. मनोरमा तिच्यासाठी पोळ्या आणखी मऊ करायची, कणकेत दूध घालायची, तूप वाढवायची. जेवढी पोरगी सुकत होती तेवढा आईचा हात सैल सुटत होता. मला त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटायला लागली. भिंतीवरचा फोटो आणि खाटेवरची मुलगी, दोघींचा चेहरा सारखा दिसायला लागला होता.

एक दिवस साधी बादली उचलताना सुचेताचं मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांना ते पटलं नाही. या वयात असं हाड मोडत नाही म्हणाले आणि त्यांनी मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. निकाल ऐकायला मीही गेले होते.

डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या. आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. "गव्हातलं एक सत्त्व हिच्या शरीराला शत्रू वाटतं. त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःचंच आतडं कुरतडतंय. पोटात आपल्या उपयोगाचे जंतूही असतात, तेही त्या सततच्या गोळ्यांनी मेले असणार. गहू आता कायमचा बंद. कणभरही नको. भात चालेल, पेज चालेल, ताक हळूहळू."

"म्हणजे पेजेनं ती बरी होत होती?" उत्तमने विचारलं.

"हो. आता सावरेल, पण वेळ लागेल. हाडांचं आज सांगता येत नाही." मग त्यांनी कागदावरून नजर उचलली. "हे घराण्यात असतं. आणखी कुणाला असा त्रास होता का?"



"होती एक," मनोरमा म्हणाली. "तिला पण मीच भरवायचे. चपाती, दुधात कुस्करून."

त्या मुलीचं आता नक्की काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला वाटतं, त्या हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, संशय तरी मिटला असता.

मनोरमाने घरातलं सगळं पीठ काढून टाकलं, पोळपाटसुद्धा. आता ती लोकांच्या घरी जाऊन पोळ्या लाटते. घरी आली की आधी न्हाणीघरात जाते, नखं घासते, डोक्यावरून अंघोळ करते, आणि मगच स्वयंपाकघरात पाय ठेवते. सुचेताच्या गालांवर आता थोडं मांस दिसतं.

परवा मी गेले तेव्हा सुचेता पान मांडून बसली होती. पातेल्यातून पेजेची वाफ येत होती. मनोरमा नुकतीच न्हाऊन आलेली, केसांतून पाणी गळत होतं. ती पातेल्यापाशी आली आणि थांबली. दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"आई, वाढ ना," सुचेता म्हणाली.

"तुझं तू घे, बाळा. माझ्या हातचं नको."