द्राक्षमळ्यात पंधरा दिवस

बाळांनो, तुमचं पत्र मिळालं. सोबतचा नकाशाही पाहिला. सप्टेंबरात मी तिकडे यावं, तुमच्या घरापासून दोन तासांवर जो द्राक्षांचा डोंगराळ भाग आहे तिथे आपण सगळ्यांनी आठवडाभर राहावं, मळे पाहावेत, वाइन कशी करतात ते पाहावं, असं तुम्ही लिहिलंय. कोणत्या दिवशी कुठे जायचं याचा तक्ताही आखलाय. तक्ते करायची सवय तुम्हाला माझ्याकडून आली असावी. मी येणार नाही, आणि त्याचं कारण प्रकृती नाही. असाच एक तक्ता मी पूर्वी केला होता. त्याबद्दल मी आजवर कोणाशी बोलले नाही, तुमच्या आईशीसुद्धा.

तेव्हा आम्ही बुलढाण्याला होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, जिल्हा कचेरीत कारकून होते. मी पाच वर्षांची असताना आई गेली, आणि घर आत्या चालवायची. ती नानांची थोरली विधवा बहीण. माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला सुलतानपूरला दिली होती, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरात. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं आणि त्यानंतर तिचा बारीक ताप हटेना. दसऱ्यानंतर ती माहेरी आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि द्राक्षासव दिलं. जेवणानंतर दोन चमचे, पाण्यातून. शिवाय म्हणाले, "हवापालट करा. माघात नाशिककडे न्या. वेलीवरची द्राक्षं खाऊ द्या तिला."

नानांच्या शाळासोबत्याचा नाशिकजवळ मळा होता. नानांनी त्यांना लिहिलं. उत्तर लगेच आलं. मळ्यात दोन खोल्यांचं कौलारू घर आहे, माघात घड भरलेले असतात, खुशाल पंधरा दिवस राहा. नानांना रजा मिळाली. मग तयारीचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं. मी तेरा वर्षांची होते. मुलांच्या इंग्रजी शाळेत आम्ही तीनच मुली होतो आणि वर्गात माझा नंबर पहिला असायचा. मी वहीत रेघा मारून तक्ता केला. मोटारीनं मलकापूर, तिथून रेल्वेनं नाशिकरोड. कोणत्या दिवशी काय, बरोबर कोणती भांडी, ताईसाठी किती पांघरुणं.

ताई बाजेवर पडल्या पडल्या तो तक्ता ऐकायची. घरात आम्ही वऱ्हाडीच बोलायचो.

"अंगूर झाडाले लागतात का वं?"

"वेलाले. मांडव असतो."

"दोडक्यासारखा?"

"हो."

"मंग मी त्या मांडवाखाली बाज टाकीन अन् तोंड उघडं ठेवून निजीन. एकेक पडू दे."

आत्या सुपात डाळ पाखडत होती. ती म्हणाली, "इथं दोन घास खायले रडते, अन् तिथं म्हणे तोंड उघडं ठेवते."

आम्ही द्राक्षं एकदाच पाहिली होती. काबूलकडची, लाकडाच्या गोल डबीत कापसाच्या थरांत बसवलेली. ताई म्हणायची, "वऱ्हाडात काय पाठवतात, तर कापूस." अशा तिच्या गोष्टी असत.

आसवानं तिला गुण येत होता. पौष लागला तेव्हा ती एक सबंध भाकरी खाऊ लागली होती. आंगणातल्या तुळशीपर्यंत चालत जाऊन येई. एकदा तिनं माझी वेणी घातली, अधेमधे दम खात, पण पूर्ण घातली. आत्या गाडीत न्यायच्या दशम्यांचं पीठ किती लागेल ते मला विचारून गेली.

राहिली होती ती सासरची परवानगी. लेक माहेरी असली तरी ती त्यांची सून. एवढ्या लांब न्यायची तर विचारायला हवं होतं. संक्रांतीच्या चार दिवस आधी तिच्या सासूबाई बैलांची दमणी जुंपून सुलतानपुराहून आल्या. बरोबर हुरडा आणि तुपाचा डबा. अंगानं मोठ्या, बोलायला मोकळ्या, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी ताईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"रंग आला पोरीले," त्या म्हणाल्या. "न्या बापा. पंधरा दिवसांनी मात्र मह्या घरी आणून सोडा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. सगळं ठरलं होतं. इथेच थांबलं असतं तर आम्ही गेलो असतो.

चहा झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "तू इंग्रजी शिकते म्हणे. काही म्हणून तं दाखव."

मी आत जाऊन शब्दकोश आणला. न चुकता वाचन केल्याबद्दल शाळेत मला तो बक्षीस मिळाला होता. प्रवासाला उपयोगी पडतील म्हणून मी त्यातून द्राक्षांचे शब्द काढून ठेवले होते. ग्रेप म्हणजे द्राक्ष. व्हाइन म्हणजे वेल. मग वाइन. त्यापुढे तीन शब्द होते ते मी खणखणीत वाचले. "द्राक्षासव, मद्य, दारू."

"काय म्हणाली?"

"दारू," मी म्हणाले. "ताईचं औषध आहे ना, त्याले इंग्रजीत वाइन म्हणतात. साहेब लोक जेवताना पितात."

सासूबाईंचा हात माळेवर गेला. त्या नानांकडे वळल्या. "व्याही, मह्या सुनेले तुम्ही दारू पाजून राह्यले?"

"औषध आहे ते," नाना म्हणाले. "वैद्यानं दिलेलं. पोरीच्या बोलण्यावर काय जाता?" मग माझ्याकडे पाहून ते सावकाश, शाळेतल्या मराठीत म्हणाले, "तुझी वाचण्यात चूक झाली असेल. परत वाच. दुसरं काही लिहिलंय का, नीट पाहा."

मी पुन्हा पान पाहिलं. ओळीखाली बोट ठेवलं. तेच तीन शब्द होते, मी तेच वाचले आणि वर म्हणाले, "चूक नाही, नाना. हेच लिहिलंय."

बाजेवरून ताई सासूबाईंना म्हणाली, "लई हुशार आहे न ते." ती हसत होती. आता जाणं होणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर नानांना भांडता तरी आलं असतं. त्या म्हणाल्या, माळकऱ्याचं घर आहे, आता या औषधाचा थेंब नको आणि जिथे ते पिकतं तो मुलूखही नको. घरी दुभती गाय आहे, दुधातुपावर ठेवू, पोर आमची आहे. वैद्यबुवांनी येऊन समजावलं. त्या ऐकून घेत होत्या आणि ताईचा पेला राखेनं घासत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दमणी जुंपली. आसवाची बाटली कोनाड्यातच राहिली.

निघताना ताईनं मला जवळ ओढलं. "मी समजावते त्यायले. माघात नाही तं फाल्गुनात जाऊ. तू तारखा बदलून ठेव."

मी बदलल्या. खोडरबरानं पुसून पुन्हा लिहिल्या. माघ संपत आला तेव्हा आणखी एकदा.

फाल्गुनाच्या शेवटी सुलतानपुराहून माणूस आला. नाना गेले ते तेरावं करूनच परतले. सासूबाई चुलीपुढे बसून खूप रडल्या, असं त्यांनी आत्याला सांगितलं. शेवटचा महिनाभर त्या सुनेच्या उशाशीच असायच्या. त्या वाईट नव्हत्या, हे तुम्ही लक्षात ठेवा.

पुढे मी शिकले, शिकवलं. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना मी ताईची लक्षणं सांगितली, कोणाची ते न सांगता. त्यांनी लगेच क्षय म्हटलं. त्या काळी त्यावर इलाज नव्हता; आसवानं चार दिवस भूक लागते, तेवढंच. द्राक्षांनी ती जगली नसती. ते मला पटतं. पण पंधरा दिवस ती मांडवाखाली पडून राहिली असती, आणि ते पंधरा दिवस मी तिला मिळू दिले नाहीत.

सुलतानपुराहून आल्यावर चार दिवसांनी नाना कचेरीत जायला निघाले होते. कोटाची बटणं लावता लावता त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी मी तुले परत वाच म्हणालो. काऊन म्हणालो, ते तुले कळलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि ते कचेरीत गेले. त्यानंतर ते वारले तोवर आमच्यात ताईचं नाव निघालं नाही.