वाळवंटाची वाटणी

छापखान्यात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. एकोणतीस वर्षं ती अभ्यासकांसाठी प्राचीन प्रदेशांचे नकाशे काढत आली होती. निवृत्तीला महिना उरला असताना तिने स्वतःचाच सर्वांत खपलेला नकाशा टेबलावर पसरला आणि त्यातले दहा ठिपके खोडले.

नकाशा अरबस्तानाचा. बायबलच्या वंशावळीत इश्माएलचे बारा मुलगे येतात. ती खरं तर टोळ्यांची नावं. तरुणपणी तिला कोरी जागा बघवत नसे. बापाने पोरांना जमीन वाटावी तसं तिने वाळवंट बाराजणांत वाटून टाकलं, जवळजवळ सारख्या अंतरावर. कुणी हूं की चूं केलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र एका नव्या पुस्तकात तिला बारांतल्या मिबसाम टोळीचं ठिकाण ठामपणे दिलेलं दिसलं. पुरावा काय, तर तिचाच ठिपका.

"महिनाभर गप्प बस की," नवरा म्हणाला. "मग तू मोकळी."

ती गप्प बसली नाही. तेमा आणि दूमा ही पाण्याची, आजही ओळखता येणारी ठिकाणं. त्यांचे ठिपके राहिले. केदार आणि नबायोथ अश्शूरी राजांच्या शिलालेखांत भेटतात, पण ते फिरते लोक. त्यांची नावं तिने ठिपक्याशिवाय, ऐसपैस अक्षरांत पसरली. उरलेले आठ समासातल्या यादीत गेले.

मालक येऊन वाकले. "बाई, अर्धा नकाशा उजाड केलात!"

"उजाडच होता. वस्ती मी केली होती."

"अहो, लोक विचारतील, आठ भाऊ गेले कुठे?"

"सांगा, शोधतोय."

"उगाच नाचक्की! जुनाच छापू."

"छापा. माझं नाव तेवढं काढा."

मालकांचा चेहरा पडला. त्या नावावरच तर नकाशा खपत होता. "जाता जाता तोंडाला फेस आणलात. बरं, यादीखाली काय लिहू?"

तिने लेखणी उचलली आणि सावकाश लिहिलं : 'यांची ठिकाणं मागच्या आवृत्तीत मी अंदाजाने दाखवली होती. पुरावा नव्हता.'

"एवढं कशाला? नुसतं 'सुधारित' म्हटलं की झालं."

"'सुधारित' वाचून कुणी जुना नकाशा भिंतीवरून काढतं का?"

मालकांनी डोकं खाजवलं, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि कागद दोन्ही हातांनी उचलून यंत्राकडे निघाले.