चढावरचे पंचवीस टक्के

बाबांना उजव्या अंगावर अर्धांगवायूचा हलकासा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी काही महिन्यांनी त्यांना पुन्हा गाडी चालवायची परवानगी दिली, तेव्हा आईने घरात शिरा केला होता. बाबांनी उभं आयुष्य टेम्पो चालवला, लूमवरचे कापडाचे तागे काल्हेरच्या गोदामांत पोचवले. त्यांच्या उजव्या पायावर आमचं घर चाललं. मी इंजिनियर झालो, घरातला पहिला पदवीधर, तोही त्याच पायावर.

त्याच सुमारास आमच्या घरच्या, गॅसवर चालणाऱ्या जुन्या कारचा सिलिंडर चाचणीत नापास झाला. तो काढून टाकावा लागला आणि गाडी पेट्रोलवर आली. पहिल्याच दिवशी बाबा ती घेऊन निघाले आणि पुलाच्या चढावर ती धापा टाकत बंद पडली. मागे ट्रक, हॉर्न, शिव्या. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "पाय दाबला मी. पण दाबला गेलाच न्हाय."

टेमघरच्या गॅरेजवाल्याने गाडी जागेवरच उभी ठेवून रेस दिली, कान लावला. "चाचा, गाडी तो मक्खन है," तो हसला, "पैर की सर्विसिंग करवा लो." बाबाही हसले. घरी येऊन त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही.

दोष पायात नाही, गाडीत आहे, हे मला त्यांना दाखवायचं होतं. मी स्कॅनर आणला, गाडीला जोडला आणि मोबाइलवर फ्युएल ट्रिमचे आकडे बघत बसलो. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं तर गाडीचा संगणक ते आपणहून वाढवतो. किती टक्के वाढवलं, ते हा आकडा सांगतो. दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतात. वीसच्या पुढे गेला की कुठेतरी बिघाड नक्की.

आमच्या दारात आकडा तीन-चारच्या वर जाईना. तरी मी हवेचे सगळे रबरी पाइप चाचपले, क्लिपा बदलल्या, एअर फिल्टर नवा घातला. सुट्टीमागून सुट्टी गेली. बाबा ओट्यावरून बघत बसायचे.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"अजून काही नाही, बाबा."

"मग गाडीत काय न्हायच. कशाला उन्हात बसतोस?"

आकडे चांगले होते आणि मला ते वाईट हवे होते. प्रत्येक चांगला आकडा बाबांच्या पायावर ठपका ठेवत होता.

गाडी उभी असताना इंजिनाला पेट्रोल लागतं ते जेमतेम. हे मला पुस्तकात वाचलेलं ठाऊक होतं, पण आकडे चढावर, इंजिनावर जोर असताना बघायला हवेत, हे सुचलं फार उशिरा. बाबांना चला म्हटलं, तर ते आत जाऊन निजले. मग आईला शेजारी बसवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. मोबाइल तिच्या हातात दिला आणि आकडे मोठ्याने वाचायला सांगितले.

"चार," ती म्हणाली. रस्ता मोकळा झाला. "नऊ." पुलाचा चढ लागला. मी पाय दाबला. गाडी रडू लागली. "चौदा. एकोणीस. अगो बाई, पंचवीस! चांगलं का वाईट?"

"चांगलं," मी म्हणालो. माझाही पाय दाबला जात होता आणि माझीही गाडी चढत नव्हती.

गेज लावून पुन्हा चढावर पेट्रोलचा दाब पाहिला. इंजिनावर जोर येताच तो कोसळत होता. मागची सीट उचलून टाकीतला पंप काढला, तर त्याची जाळी तपकिरी गाळाने भरलेली आणि पंप अर्धा जळालेला. आमच्या गल्लीत सगळेच गॅसच्या गाडीत पेट्रोल स्टार्टपुरतंच ठेवतात, काटा लाल रेघेवर. पण पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो. गॅसवर धावतानाही आमचा पंप फिरतच होता, वर्षानुवर्षं, कोरडा.

मी धावत ओट्यावर गेलो. "बाबा, पाय नाही! पंप!"

त्यांनी पंप हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "का जळला?"

मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही.

"पेट्रोल कमी ठेवत व्हतो मीच," ते म्हणाले. "म्हणजे फिरून मीच."

"सगळेच ठेवतात, बाबा."

"सगळ्यांच्या गाड्या न्हाय बंद पडल्या पुलावर." पंप त्यांनी परत माझ्या हातात दिला. "तू शिकलास ते कामाला आलं. आता तूच चालव."

नवा पंप बसवला. आता चढावरही आकडा दोन. त्यांना दाखवला, तर चष्मा न लावताच मान हलवली.

आता अंबाडी गावाला जायचं असलं की बाबा माझ्या डाव्या बाजूला बसतात. चढ आला की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जातो, नेमका माझ्या पायाबरोबर, पुरता, न थरथरता. तो पाय धड आहे. मी बघतो आणि काही बोलत नाही, कारण एकदा बोललो होतो, तर त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून मागे घेतला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.