वावरातली हजेरी

माझ्या सासूबाई शाळेत शेतकरीण होत्या आणि वावरात मास्तरीण. वर्गात गणितं घालायच्या ती क्विंटलाची आणि बियाण्याच्या पिशव्यांची, आणि वावरात कापसाच्या वेचणीला आलेल्या बायांची रोज हजेरी घ्यायच्या. बांधावरच्या कडुनिंबाला नांगराचा जुना फाळ टांगलेला होता. त्यावर दगडाचा ठोका पडला की बायांनी एका ओळीत उभं राहायचं. नाव पुकारलं की 'हजर बाई' म्हणायचं आणि मगच कापसासाठी कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत शिरायचं. दुपारी पुन्हा ठोका, ती डब्याची सुट्टी.

मी उमरखेडची, कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या घरातली. आमच्याकडे कापूस असायचा तो उशीत आणि देवाच्या वातीत. फुलसावंगीजवळच्या या घरात सून म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात हा प्रकार पाहून मला हसू आवरेना. पण बायांना त्यात गंमत वाटत नव्हती. त्या जवळच्या तांड्यावरून यायच्या. निम्म्याजणी लहानपणी तिथल्या शाळेत सासूबाईंच्याच हाताखाली शिकलेल्या होत्या. एक म्हातारी तर जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती, पण 'हजर' सगळ्यांत ठणठणीत तिचंच. माझ्या नवऱ्याचं लहानपणही याच शाळेत गेलं होतं. घरात आई आणि वर्गात बाई, अशी सक्त ताकीद होती. चुकून तोंडातून आई गेलं की सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा, असं तो सांगायचा.

सासरे लवकर गेले. त्यानंतर शाळा, वावर, गाईम्हशी, येणारंजाणारं, सगळं या बाईनं एकटीनं ओढलं. पहाटे धार काढून, भाकरी थापून, पदर खोचून ती तांड्याची वाट धरायची. मला पऱ्हाटीतलं गवत ओळखायला तिनंच शिकवलं, आणि चुकलं की वर्गातल्या पोरीसारखंच रागावली. माहेरी मी चार भावंडांतली एक होते. इथे ती मला घरातली दुसरी कर्ती बाई म्हणून वागवायची. हे ऋण मी कधी तिला बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तिचा एक नियम मात्र साऱ्या गावाला डाचायचा. पहिल्या वेच्याच्या दिवशी आमच्याकडे सीतादही असते. पऱ्हाटीखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वेचायला आलेल्या प्रत्येकीच्या हातावर तोच दहीभात ठेवायचा. तो वाढताना सासूबाई दरवर्षी तेच सांगायच्या. शाळेच्या वयाचं लेकरू या वावरात वेचायला येणार नाही. ज्यांना माझ्याकडे काम करायचं, त्यांची पोरं वर्गात बसली पाहिजेत. मजुरी कापसाच्या वजनावर असते. बाकीच्या शेतकऱ्यांकडे मायलेकरं मिळून वेचत आणि वजन वाढे. आमच्याकडे एकट्या मायचंच वजन भरे. चांगल्या सालात बाया ते सोसत होत्या.

मग ती वर्षं आली. गुलाबी अळी बोंडात शिरायची आणि बाहेरून काही कळायचं नाही. फोडावं तर आत काळी, किडकी कवडी, म्हणजे खराब कापसाचा गोळा. दिवसभर वेचूनही ओटी भरेना, म्हणून बाया जिथे चार लेकरं घेऊन जाता येईल त्या वावरात जाऊ लागल्या. त्यांना तरी नावं कशी ठेवणार? लागोपाठ दुसऱ्या हंगामातही तेच झालं, तेव्हा नवऱ्याने पुण्याची भाषा सुरू केली. त्याचा मित्र तिकडच्या कारखान्यात लागला होता. हा वेचा घरात आला तर बघू, नाहीतर वावर मक्त्यानं कसायला देऊन आपण जाऊ, असं त्यानं जेवताना सांगितलं. सासूबाईंनी त्याला एवढंच विचारलं, अजून अर्धी भाकरी वाढू का. ज्या बाईनं मला माणसांत बसवलं, तिला त्या घरात एकटीला सोडून जायचं, हे मला सहन होत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळपासूनच आभाळ भरून आलं. हंगाम सोडून आलेलं ते आभाळ होतं. फुटलेल्या बोंडांवर पाऊस पडला तर उरलासुरला कापूसही मातीत जाणार, हे मलासुद्धा कळत होतं. तांड्यावरच्या बाया रस्त्याकडच्या दुसऱ्या वावरात गेल्या होत्या. आमच्याकडे कुणीच नव्हतं. सासूबाई डबा बांधत होत्या, तेव्हा नवरा दारात आडवा उभा राहिला.

"आई, आज शनवार हाये. शाळा लवकर सुटते. पोराइले वावरात घेऊन ये. एकच दिवस."

"माह्या शाळेतलं लेकरू माह्याच वावरात वेचाले लावू? मंग सोमवारी फळ्यासमोर कोन्त्या तोंडानं उभी राहू?"

"अन् मी या वावरासमोर कोन्त्या तोंडानं उभा राहू?"

तिने डबा पिशवीत टाकला. छत्री घेतली आणि शाळेला गेली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तिचा राग आला. एवढा कसला हेका, असं वाटलं.

आम्ही दोघं वावरात गेलो आणि हाताला येईल ते वेचू लागलो. शाळा सुटल्यावर सासूबाई थेट तिकडेच आल्या. मागून वर्गातली मोठी पोरं बांधापर्यंत आली होती. त्यांना आभाळ दिसत होतं, बाईंचं वावरही दिसत होतं, आणि वेचायची त्यांना मोठी हौस. सासूबाईंनी छत्री उगारून त्यांना घरी पिटाळलं. मग ओटी बांधून त्या आमच्या शेजारच्या ओळीला लागल्या. मायलेक एकमेकांशी अवाक्षर न बोलता वेचत होते. मधल्या ओळीत मी होते, आणि दोन्हीकडून माझ्यावर रुसवा चालू असल्यासारखं मला वाटत होतं.

दिवस कलायला लागला तेव्हा बांधावर बाया दिसल्या. पिटाळलेली पोरं घरी न जाता सरळ आपापल्या मायांकडे रस्त्याकडच्या वावरात गेली होती आणि बाईंनी आपल्याला वेचू दिलं नाही, अशी तक्रार केली होती. तिथलं काम उरकून बाया तशाच, गाठोडी उतरवून इकडे आल्या होत्या. पुढे ती म्हातारी होती.

"लेकरं चालत नाईत म्हनता बाई," ती म्हणाली, "मंग आमी तं चालतो ना?"

सासूबाईंचे डोळे भरले, ते मी पाहिलं. पण त्यांनी आभार मानले नाहीत. कडुनिंबाखाली गेल्या आणि फाळावर ठोका दिला. पाऊस डोक्यावर आलेला आणि या बाई हजेरी घेतात, म्हणून मी मनातल्या मनात चरफडले. बाया मात्र गुमान ओळीत उभ्या राहिल्या. एकेक नाव, एकेक 'हजर बाई'. म्हातारीचं अर्थातच सगळ्यांत ठणठणीत. बायांची नावं संपली तरी सासूबाई थांबल्या नाहीत. त्यांनी माझं नाव घेतलं. इतक्या हंगामांत मी त्या हजेरीत कधीच नव्हते. मी गडबडून हजर म्हणाले.

मग त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. शाळेत घ्यायच्या तसं, वडिलांच्या नावासकट.

तो दूर, ओळीच्या टोकाला पाठमोरा उभा होता. वळला नाही. बाया माझ्याकडे बघू लागल्या. सासूबाईंनी नाव दुसऱ्यांदा घेतलं नाही. वर्गातसुद्धा त्या कुणाचं नाव दुसऱ्यांदा घेत नसत, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी आभाळाकडे पाहायचं विसरून त्याच्या पाठीकडे पाहत राहिले.

"हजर, बाई," तो म्हणाला.

एवढं बोलून तो पुन्हा वेचायला वाकला. बाया पऱ्हाटीत शिरल्या. पाऊस दिवेलागणीला आला. शेवटच्या काही ओळी भिजल्या, त्यांची कवडी झाली. बाकीचा कापूस बैलबंडीत घालून, वर ताडपत्री टाकून आम्ही घरी आणला. पुण्याचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही. त्या रात्री सासूबाईंनी लेकाला न विचारताच अर्धी भाकरी वाढली, आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.