काकांच्या पानावरची बट्टी

परवा इच्छापूरला देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी कोणाचं तरी नवसाचं जेवण चाललं होतं. कणकेच्या तळलेल्या बट्टीचा आणि गरम वरणाचा वास आला, आणि मला लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतली ती पंगत आठवली.

मी घरातली पहिली पदवीधर, म्हणून बाबांनी गल्लीला वरण-बट्टीचं जेवण दिलं होतं. मला कॉलेजात घाला म्हणून बाबांच्या मागे लागले होते ते शेजारचे फौजी काका. ते नेहमीसारखे वाढायला उभे होते. सीमेवरच्या बर्फात त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. बट्टी चुरता येत नाही, म्हणून ते कुठल्याच पंगतीत बसत नसत.

"काका, तुम्ही बसल्याशिवाय मी जेवणार नाही," मी म्हणाले.

"बेटा, वाढणारा शेवटी बसतो. फौजेचा कायदा आहे!"

तेवढ्यात काकूंनी त्यांच्या हातातली वरणाची बादली काढून घेतली, त्यांना माझ्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पानावर बट्टी चुरायला घेतली. सगळी पंगत त्यांच्याकडे बघायला लागली.

"बघता काय? यांची बोटं राहिली बर्फात, भूक नाही राहिली तिकडे!" काकू म्हणाल्या.

सगळ्यांत आधी काकाच हसले. मग डाव्या हाताने पोटभर जेवले.

काकांना पंगतीत मी बसवलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, त्यांना बसवलं काकूंनी. गल्लीने ते एकदाच पाहिलं. घरी त्या रोज दोन्ही वेळा आधी काकांना घास करून देत होत्या आणि मग स्वतः जेवत होत्या.